अठरा तासांचे माप

माजी विद्यार्थ्यांच्या लेखांत बहुधा पोहोचल्याची हकिकत असते. कोण कोठून निघाला, वाटेत काय सोसले आणि आज कोणत्या पदावर आहे, हे वाचताना शाळेत असताना आम्हां मुलींना मोठा धीर येई. त्यामुळे स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. माझ्यापाशी सांगण्यासारखे पद अजून नाही. वनस्पतिशास्त्रातील एम.एस्सी. पूर्ण झाली आहे, पुढच्या परीक्षेची तयारी सुरू आहे आणि एका दुखण्यासोबत राहण्याचे शिक्षणही त्याच वेळी चालू आहे. या दुखण्याचे नाव फायब्रोमायल्जिया. आपल्या जिल्ह्यात हे नाव फारसे कानावर येत नाही, पण त्याची लक्षणे मात्र अनेक घरांत मुकाट्याने वावरत असावीत, असे मला वाटते. या लेखाचे कारण एवढेच.

शाळेत मी पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे राहिले. पहाटेची घंटा, रांगेने आंघोळ, वंदना, अभ्यासिका, जेवण, पुन्हा अभ्यासिका असा दिवस असे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होई, तेव्हा मोठ्या वर्गांतील आम्ही मुले सकाळी सहाला पुस्तक उघडत असू आणि मध्यरात्री मिटत असू. त्या रात्री डोळे चुरचुरत, पाठ भरून येई, पण सकाळी उठल्यावर आपण काहीतरी जिंकलो आहोत असे वाटे. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत, हे वाक्य आमच्या पिढीने पाढ्यांसारखे पाठ केले. ज्यांच्या घरात आधी कोणी पुस्तक उघडले नव्हते, त्यांच्यासाठी ते वाक्य म्हणजे मोठा आधार होता. आपल्याकडे जमीन नाही, ओळख नाही, पैसा नाही. पण तास आहेत आणि ते आपल्या हातात आहेत, असा त्याचा अर्थ आम्ही घेत असू.

माझ्या हातातले हे तास २०२३ च्या दिवाळीनंतर निसटू लागले. तेव्हा मी नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आधी मान आणि खांदे दुखू लागले, मग कंबर, मग मांड्या आणि पोटऱ्या. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्यामुळे असेल, असे वाटले. पण सुट्टीतही दुखणे थांबेना. आठ तास झोपूनही रात्रभर ओझी वाहिल्यासारखी सकाळ उजाडे. वाचलेले पान संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जाई. ओळखीच्या वनस्पतीचे कुळ जिभेवर येऊन अडे. पाठांतरात कधी मागे न राहिलेल्या मुलीला हे शेवटचे लक्षण सर्वांत भीतिदायक वाटले.

धानाच्या पट्ट्यात अंग दुखणे ही तक्रार मानलीच जात नाही. आमच्याकडे पवनी तालुक्यात आषाढ-श्रावणात रोवणी लागली की बाया सकाळपासून चिखलात कमरेतून वाकलेल्या असतात. माझी आई त्यांतलीच एक. दुखणे हा तिच्यासाठी मजुरीचाच भाग. तरीही माझ्या दुखण्यातला फरक सर्वांत आधी तिनेच ओळखला. ती म्हणाली, "माझं बी अंग दुखते, पण निजलं का जाते. तुझं निजून बी जात नाही. हे काही दुसरंच हाय, बाई." पुढे डॉक्टरांनी शास्त्रीय भाषेत जे समजावले, त्याचे सार या तीन वाक्यांत होते.

नाव मिळायला मात्र नऊ-दहा महिने गेले. विदर्भात अंगदुखी म्हटली की सिकलसेलची तपासणी आधी होते आणि ती व्हायलाच हवी. आपल्या समाजात तो आजार आहे. माझी तपासणी निर्दोष आली. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाची मोठी साथ होती, म्हणून तीही चाचणी झाली. थायरॉईड, संधिवात, जीवनसत्त्वे, रक्तातील सूज दाखवणाऱ्या चाचण्या सारे काही ठीक होते. प्रत्येक अहवाल घेऊन बाहेर पडताना आनंद व्हावा की भीती वाटावी, हे कळत नसे. कागद म्हणत होता काही नाही. शरीर म्हणत होते पुष्कळ आहे. एका दवाखान्यात, "या वयात कसले दुखणे, लग्न झाले की बरे वाटेल," असेही ऐकावे लागले. शेवटी ऑगस्टमध्ये नागपूरच्या एका संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांनी पाऊण तास ऐकून घेतले, शरीराच्या आकृतीवर दुखऱ्या जागा खुणा करून दाखवायला सांगितल्या, झोप, थकवा व विस्मरण यांविषयी विचारले आणि निदान केले.

हा आजार नवा नाही. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज वैद्याने त्याच्या जवळपासच्या दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हे नाव दिले होते. त्यात स्नायूंच्या तंतूंना सूज असते, अशी कल्पना होती. तशी सूज पुढे कोणाला सापडली नाही, म्हणून १९७६ मध्ये 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे आले. त्याचा शब्दशः अर्थ तंतू व स्नायू यांची वेदना. १९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने शरीरावरील १८ बिंदू ठरवले. त्यांपैकी ११ दाबल्यावर दुखले तर निदान होई. २०१० मध्ये ही बिंदूंची अट गेली. आता शरीराचे १९ भाग धरून किती ठिकाणी दुखते ते मोजतात, त्याला थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विचारांतील धूसरपणा यांची जोड देतात, आणि हे सारे किमान तीन महिने टिकलेले असावे लागते. अठरा या आकड्याने माझा पाठलाग वैद्यकशास्त्रापर्यंत केला, याचे मला त्या दिवशी हसू आले.

हे घडते कसे, ते मी घरी गोसीखुर्दच्या भाषेत सांगितले. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडण्याआधी वैनगंगेकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा मिळतो. समजा, ३३ दरवाजांपैकी एकही उघडलेला नाही, नदी शांत आहे, तरी इशारा रात्रंदिवस चालू राहिला, तर काठची माणसे झोपतील कशी? माझ्या शरीरात सांधे झिजलेले नाहीत, स्नायू फाटलेले नाहीत. पण मेंदू आणि मज्जारज्जू यांची वेदना मोजण्याची यंत्रणा अतिसंवेदनशील झाली आहे. इशारा खोटा नसतो, तो खरोखर ऐकू येतो. म्हणूनच, "हे सारे मनाचे खेळ आहेत," असे म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावे की वेदना खरी आहे. नादुरुस्त आहे ती तिची मोजणी.

डॉक्टरांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत आणि आयुष्य घटत नाही. आणि तो मुळापासून नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. रात्री घ्यायची काही औषधे झोप व वेदना यांना थोडा आराम देतात, तीही प्रत्येकाला सारखी लागू पडत नाहीत. युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ मध्ये सर्व उपायांचा पुरावा तपासला, तेव्हा ठाम शिफारस केवळ एकाच उपायाला मिळाली: नियमित, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम. दुखणाऱ्या माणसाला चालायला सांगणे प्रथम निर्दयपणाचे वाटते. मी वसतिगृहाच्या आवारात सात मिनिटांपासून सुरुवात केली आणि आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवली. आज अर्धा तास चालते. बरे वाटलेल्या दिवशी तासभर चालायचे नाही आणि वाईट दिवशी पूर्ण बंद ठेवायचे नाही, हा नियम पाळणे चालण्यापेक्षा अवघड आहे.

अभ्यासाचीही पुन्हा मांडणी करावी लागली. चाळीस मिनिटे वाचन, दहा मिनिटे आडवे होणे. अवघड विषय सकाळी दहा ते बारा, कारण धुके तेव्हा विरळ असते. पाठांतराऐवजी स्वतःच्या हाताने काढलेले तक्ते. असे करून चांगल्या दिवशी चार, फार तर पाच तास पदरात पडत. विभागप्रमुखांना डॉक्टरांचे पत्र दाखवल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत पाठ टेकता येईल अशी खुर्ची दिली आणि लांबलचक प्रात्यक्षिक दोन दिवसांत विभागू दिले. शिष्यवृत्तीसाठी हजेरी लागते, ती कशीबशी राखली. मैत्रिणींनी न चुकता टिपणे दिली.

परीक्षेत मात्र अधिक वेळ मिळाला नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत फायब्रोमायल्जियाचे नाव नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार या तरुण डॉक्टरला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून अशी सोय नाकारता येणार नाही, असे ठरवले. तो निकाल वाचून मला बळ आले. त्याने माझ्या आजाराचे नाव यादीत येत नाही, हे मला माहीत आहे. पण गरज पाहून सोय करणे हे उपकाराचे नव्हे, समानतेचे काम आहे, हा विचार देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मांडला आहे. मी अर्ज करून दाराजवळची जागा आणि तासातून एकदा उभे राहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. २०२५ च्या उन्हाळ्यात शेवटचे पेपर दिले आणि उत्तीर्ण झाले.

आता ज्या गोष्टीविषयी लिहिणे सर्वांत जड जाते, ती सांगते. मला वनाधिकारी व्हायचे होते. आठवीत असताना शाळेची सहल नागझिऱ्याला गेली होती. त्यानंतर मारुती चितमपल्ली यांचे लेखन वाचले. वनाधिकारी असलेला माणूस नवेगावबांधच्या काठी राहून पक्ष्यांची नावे गोळा करतो, हे वाचून माझे ठरले होते. वनसेवेसाठी लेखी परीक्षेबरोबर ठरावीक तासांत लांब पल्ला चालण्याची चाचणी असते आणि नोकरीही रात्री-अपरात्री हिंडण्याची असते. ते स्वप्न माझ्या एकटीचे नव्हते. आईने गावात चार जणींना सांगून ठेवले होते. भावाने वहीच्या मागच्या पानावर माझ्या नावापुढे ते पद लिहून ठेवले होते.

अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा मी एका कागदावर तीन रकाने आखले. पहिल्यात, या कामात मला नेमके काय आवडते. दुसऱ्यात, त्यातील कोणता भाग माझ्या शरीराला रोज झेपेल. तिसऱ्यात, जो झेपणार नाही त्याविना काम उरते का. पहिल्या रकान्यात गणवेश नव्हता, गाडीही नव्हती. तेथे होते जंगल, त्यातील झाडे, कोणते झाड कोठे उगवते आणि कोठून नाहीसे होते हा प्रश्न. या प्रश्नावर खुर्चीत बसूनही काम होते. नागपूरलाच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. उपग्रहांच्या प्रतिमांवरून जंगल, पाणी व जमीन यांचे नकाशे तेथे तयार होतात. मी आता नकाशाशास्त्राच्या अभ्यासक्रमाची माहिती घेते आहे आणि अध्यापनाचा मार्ग मोकळा राहावा म्हणून सेट परीक्षेची तयारी करते आहे. वनसेवेचा अर्ज या वर्षी भरला नाही. पुढे कधी भरेन की नाही, ते ठरवलेले नाही. त्याचे दुःख होते आणि आहे. रकाने आखल्याने दुःख संपत नाही, फक्त त्याच्या शेजारी उद्याचे काम ठेवता येते.

या साऱ्या काळात मला सर्वांत जास्त छळले ते दुखण्याने नव्हे, अठरा तासांच्या त्या मापाने. चार तास वाचून आडवी झाले की आपण बाबासाहेबांच्या मुली म्हणवून घेण्यास पात्र नाही, असे मनात येई. म्हणून मी त्यांच्या अखेरच्या वर्षांविषयी वाचू लागले. १९४८ मध्ये संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांतील मज्जातंतूंच्या वेदना यांमुळे त्यांना झोप मिळेनाशी झाली होती; उपचारांच्या निमित्तानेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि त्या वर्षी १५ एप्रिलला विवाह झाला. १९५४ मध्ये ते आपल्या भंडाऱ्यात लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या पराभवाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण त्या वेळी त्यांचे शरीर किती थकलेले होते, याविषयी क्वचितच बोलतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी १९५१ ते १९५६ या आजारपणाच्याच वर्षांत लिहिला. नानकचंद रत्तू टंकलेखन करीत, पाय दाबून देत. १५ मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपण हे काम पुरे करू शकलो याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकर यांना मोकळेपणाने दिले आहे.

म्हणजे अठरा तास वाचणारा तरुण आणि दुसऱ्याच्या हाताचा आधार घेऊन लिहिणारा वृद्ध, हे एकच बाबासाहेब आहेत. आम्हांला त्यांतील पहिलेच चित्र भिंतीवर दिसत होते. दुसरे चित्र पाहिल्यावर माझ्या मनावरचा भार बराच उतरला. त्यांनी शरीराला नाकारले नाही. औषध घेतले, मदत घेतली, मदतीची नोंद केली आणि हाती असलेल्या वेळात काम पुढे नेले.

याच सुमारास एका भन्तेजींनी मज्झिमनिकायातील सेख सुत्ताची गोष्ट सांगितली. कपिलवस्तूत शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. तथागतांनी तेथे रात्री बराच वेळ उपदेश केला आणि मग आपली पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, असे आनंदांना सांगून संघाटीची घडी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. आनंद बोलत राहिले. भर सभेत पाठ दुखते असे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि श्रोत्यांनाही वाटला नाही. उपदेश थांबला नाही, फक्त बोलणारा बदलला. आपल्या वसतिगृहांत, घरांत, कार्यालयांत एवढे सहज बोलणे शक्य झाले तर कितीतरी मुलींचे नऊ-दहा महिने वाचतील.

पालकांना माझी विनंती आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखत असेल, झोपूनही थकवा जात नसेल, तर मुलीला आळशी म्हणू नका, तिला डॉक्टरांकडे न्या. आधी सिकलसेल, थायरॉईड, संधिवात यांची तपासणी होऊ द्या, कारण त्यांची लक्षणे मिळतीजुळती असतात. अहवाल निर्दोष आला म्हणजे दुखणे खोटे ठरत नाही. एका पुडीत बरे करतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असते, त्याने चार दिवस बरे वाटते आणि पुढे शरीराचे मोठे नुकसान होते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवण गावात घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना स्नायू-सांध्यांचे दुखणे आढळले. खेड्यातील वेदना अशी विचारल्यावर दिसते. न विचारल्यास ती रोवणीच्या चिखलातच राहते.

शाळेच्या व्यवस्थापनालाही एक सूचना नम्रपणे करते. अठरा तास अभ्यासाचा उपक्रम चालू ठेवावा. त्याने आम्हांला घडवले आहे. मात्र त्यात 'सलग' हा शब्द प्रत्येकासाठी बंधनकारक नसावा. सिकलसेलचे मूल, दम्याचे मूल, माझ्यासारखी एखादी मुलगी यांना तेच अठरा तास आठवडाभरात विभागून पूर्ण करू द्यावेत आणि त्यांचे नाव त्याच फलकावर लिहावे. या वर्षी एप्रिलमध्ये मी ते सहा दिवसांत केले, रोज तीन तास. तिसऱ्या दिवशी दुखणे वाढले, म्हणून त्या दिवशीचा एक तास मैत्रिणीने वाचून दाखवला आणि मी डोळे मिटून ऐकला. तोही मी मोजला आहे.

शाळेतील कोणा विद्यार्थिनीला किंवा तिच्या पालकांना असे दुखणे असेल आणि कोणाकडे जावे हे सुचत नसेल, तर कार्यालयात माझ्यासाठी निरोप ठेवावा. महिन्यातून एकदा मला तपासणीसाठी नागपूरला जावेच लागते. सकाळच्या एस.टी.ने सोबत जाऊ.

जय भीम. नमो बुद्धाय.

— एक माजी विद्यार्थिनी, दहावीची तुकडी २०१८